काकांची उदबत्ती

थंडीत घर गरम करणारा फर्नेस पहिल्यांदा पेटला की जळक्या धुळीचा वास घरभर पसरतो आणि मला श्रूजबरी गावचे काका आठवतात. आठवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनी घरकामाला अमेरिकेत आणलं, ते उपकार आहेतच.

त्या सकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये, फर्नेसपाशी, गॅसचा वास येत होता.

"काका, गॅस लीक होतोय!"

"इंजिनिअर मी की तू?" म्हणत हे महापंडित वास घालवायला उदबत्ती पेटवायला निघाले! मी काडेपेटी हिसकावली, काकू आणि त्यांच्या बाळाला बर्फात बाहेर काढलं.

अग्निशमन दलाचा बंब आल्यावर काका त्या लोकांना म्हणाले, "वास मलाच आला." तेवढं इंग्रजी मला कळत होतं. परत पाठवतील या धास्तीने मी मान डोलावली.

काकांची आता नुसती कीव येते. तिटकारा येतो तो त्या डोलणाऱ्या मानेचा.