चुलत्याने मागवलेला प्रयोग

सर्व सन्माननीय सभासद, बिगरसभासद, ऊस उत्पादक आणि ज्यांचा ऊस जागेवरच वाळला असे माजी ऊस उत्पादक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या पहिल्या नाटकातला खलनायक जिवंत आहे, प्रकृतीने ठणठणीत आहे, आणि त्याच नाटकाचा प्रयोग त्याने स्वतः मागवला आहे. गणसंख्येअभावी ही सूचना तहकूब होणार नाही.

खलनायक म्हणजे माझा सख्खा चुलता. वडिलांचा धाकटा भाऊ.

नाटक लिहिलं तेव्हा मी पंचविशीत होतो आणि मला पूर्णविराम माहीत नव्हता. नायकाच्या तोंडी एकेक भाषण असं की बोलणाऱ्या नटाला मधे पाणी प्यायला वेगळा प्रवेश लिहावा लागला. नायक अर्थातच माझे वडील. उभा जन्म त्यांनी मोर्चांत घातला. दुष्काळात छावण्या उघडल्या होत्या, पण छावणीत जनावरं होती आणि चारा नव्हता. हिरवं म्हणून जे काही उरलं होतं तो माजलगाव धरणाखालचा ऊस. हा उभा ऊस जनावरांना द्या, अशी वडिलांची मागणी होती. ऊस नोंदलेला होता आमच्या भागातल्या एका सहकारी कारखान्याकडे, म्हणून वडिलांनी गावातली गुरं हाकत नेली आणि कारखान्याच्या गेटलाच बांधली. ऊस घेऊन गव्हाणीकडे जाणाऱ्या गाड्यांपुढे आडवे बैल, म्हशी, कालवडी. देखणं आंदोलन होतं. त्या गेटच्या आत, संचालक मंडळात, त्यांचाच भाऊ बसलेला. नाटककाराला आणखी काय पाहिजे?

त्याच आठवड्यात कारखान्याची वार्षिक सभा होती. विषय क्रमांक पाच : सभासदांनी नोंदलेला ऊस कारखान्यालाच घालावा, चाऱ्यासाठी देऊ नये. शेअर दोन्ही भावांच्या नावावर होते, म्हणून वडील विरोध करायला मांडवात गेले. संध्याकाळी म्हणे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मला बोलायलाच मिळालं नाही, म्हणाले. विषय निघाला आणि माझ्या सख्ख्या भावाने सगळ्यांच्या आधी ‘मंजूर’ म्हटलं, बाकीचे मेंढरासारखे त्याच्या मागे गेले. दुसऱ्या दिवशी गेटवरची गुरं सुटली. दोन घरांचं बोलणंही तेव्हाच सुटलं. बांधाला बांध लागून शेतं, पण एकाची शेळी दुसऱ्याच्या रानात गेली तरी निरोप तिसऱ्याकरवी यायचा.

मी त्या सभेला नव्हतो, औरंगाबादला कॉलेजात होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांनी सांगितलं ते मी तिसऱ्या अंकात घातलं. मंचावर चुलता उठतो, छातीवर हात ठेवतो आणि एकटाच गरजतो, ‘मंजूर’. पडदा. या एका शब्दावर मी बक्षिसं घेतली, गावोगाव हार घेतले, आणि वडील असेपर्यंत प्रत्येक प्रयोगाला ते पहिल्या रांगेत बसून त्या शब्दाला मान हलवत राहिले.

आणि आता खलनायकाचा फोन. ‘नाटक आन.’ एवढंच.

मी गेलो, पण डोळे उघडे ठेवून गेलो. चुलत्याने चहा दिला. चहा गोड होता. आमच्या भागात माजी संचालकाने गोड चहा दिला की माणूस आधी निवडणुकीची तारीख आठवतो. पण चुलता उभा राहणार नव्हता, त्याचं कुणी उभं राहणार नव्हतं, आणि आताचं मंडळ त्याच्या विरोधातलं. त्या मंडळाने वार्षिक सभेनंतर मांडवातच प्रयोग करायला आनंदाने परवानगी दिली होती. जुन्या मंडळाची बदनामी होत असेल तर मांडवाचं भाडंसुद्धा लागत नाही, असं त्यांचं धोरण दिसलं. मी विचारलं, संहितेत काय बदलायचं? मला वाटलं आता पोटातलं ओठावर येणार.

“येक अक्षर बदलू नगस,” चुलता म्हणाला.

हे ऐकून तर माझी खात्रीच पटली की काहीतरी शिजतंय. स्वतःवरच्या शिव्या जशाच्या तशा ठेवा म्हणणारा पुढारी मी बीड जिल्ह्यात पाहिला नव्हता. मग त्याने कारण सांगितलं, बशीतला चहा न पिता.

“तुजं नाटक समद्या दुनियेत झालं. पर त्या सभेला जे बसलते त्यांच्यापुढं कवाच झालं न्हाई. त्यांच्यापुढं कर. मी पयला म्हनलो का न्हाई ते त्यांनी सांगू दे. न्हाई म्हनले, तर मी तुज्या मायच्या हातचा चहा प्यायला येतो. तेवढंच हाय माजं.”

तेवढंच आहे म्हणणाऱ्याचं कधीच तेवढंच नसतं. तिथून उठून दिंद्रुडच्या फाट्यापर्यंत उगाच चक्कर मारत मी सगळे डाव मनात मांडून पाहिले. मांडवात त्याची माणसं पेरलेली असतील. ऐन वेळी तो मंचावर चढून भाषण ठोकेल. नाहीतर माईक बंद पाडेल. तिन्ही डाव मला लेखक म्हणून आवडले, ही गोष्ट वेगळी.

घरी आईला सांगितलं. माझी अटकळ अशी की ती खूश होईल. दिराची फजिती त्याच्याच कारखान्यात. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

“कावून करायचं?” ती म्हणाली. “झालं गेलं. ज्येचं त्येनं निस्तारलं.”

मी म्हटलं, माय, तू तर इतकी वर्षं दिराचं नाव निघालं की रागाने चूल फुंकायला लागायचीस. तिने तवा सारखा केला आणि दुसराच विषय काढला. मला आता आईचाही संशय येऊ लागला. म्हाताऱ्या माणसांचं आपसात काही ठरलंय की काय? चुलत्याने तिच्याकडे निरोप पाठवलाय की काय? मी दोन-तीनदा आडून विचारलं. तिने आडूनच उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, मी यीन, पर त्या कारखान्याचं पानी पिनार न्हाई, घरून कळशी घिऊन यीन. वडील गेल्यावर त्यांचा शेअर तिच्या नावावर झाला होता, त्यामुळे तिला सभेची नोटीस दरसाल यायची आणि दरसाल ती तिच्यावर मसाला वाळवायची.

तालमीसाठी मी नाटक पुन्हा वाचलं. वाचताना मला गुदगुल्या होत होत्या, कबूल करायला हरकत नाही; ‘या उसाच्या प्रत्येक पेरात एका वासराचा हंबरडा आहे’ असं वाक्य लिहिणारा पोरगा मला आता भेटला तर मी त्याला जेवायला घालीन. एक मात्र खटकलं. आईच्या भूमिकेला दोन वाक्यं होती. ‘भाकर आणलीया’ आणि ‘दिवा लावते’. ती फडक्यात भाकरी घेऊन गेटवर येते, नवऱ्याला शोधते, आणि सभेच्या आधी मी तिला विंगेत पाठवून देतो. कारण तिने पुढे काय करावं हे मला सुचलं नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, मी काय लगीच माघारी गेलते व्हय? मी विचारलं, मग? तर म्हणाली, डाळ लागंल खाली, जाऊ दे.

कडा गावचे एक मास्तर चेअरमनचं काम करणार होते आणि माजलगावचा एक खतविक्रेता माझ्या चुलत्याचं. या खतविक्रेत्याला तिसऱ्या अंकात तो एकच शब्द होता. दुकानात पोती मोजतानाही तो ‘मंजूर’ म्हणत होता, कधी नाभीतून, कधी टाळूतून.

सभेचा दिवस उजाडला. ज्यांनी सहकारी कारखान्याची वार्षिक सभा पाहिली नाही त्यांना सांगतो : तिथे विषय वाचायचा असतो, पण ऐकायचा नसतो. वाचणारा श्वास घ्यायला थांबला की मांडव म्हणतो, मंजूर. सोबत उजवा हात वर जातो. यंदाही पहिलाच विषय दिवंगत सभासदांना श्रद्धांजलीचा होता आणि तोही दणक्यात मंजूर झाला. माणसं वाईट नव्हेत. ऊन असतं, विषय पुष्कळ असतात, मागे वरणाचा वास सुटलेला असतो, आणि बाप म्हणत होता म्हणून लेक म्हणतो.

सभा उरकली, जेवणं झाली, उन्हं कलली. आमच्यापाशी नेपथ्य नव्हतंच, म्हणून सभेचंच व्यासपीठ, सभेचाच माईक, मागे सभेचाच फलक. चुलता पहिल्या रांगेत, धोतर-टोपीत, एकटा. मी फलकाआडून मांडवात पेरलेली माणसं शोधत होतो. सगळीच पेरलेली वाटत होती. पिकलेल्या मिशांचे पुष्कळ म्हातारे होते, त्या दुष्काळी सालच्या सभेतले. बायकांच्या बाजूला आई, पायाशी कळशी.

दोन अंक छान गेले. वासराच्या हंबरड्याला तर शिट्टी पडली. तिसऱ्या अंकात मास्तर चष्मा लावून माईकपाशी आले. खतविक्रेता खुर्चीत सावरून बसला, छातीवर हात नेला. मी चुलत्याकडे बघत होतो. आता चढेल मंचावर, आता.

मास्तर वाचू लागले, “विषय क्रमांक पाच. सभासदांनी नोंदलेला ऊस...” आणि श्वास घ्यायला थांबले.

“मंजूर,” अख्खा मांडव म्हणाला.

खतविक्रेत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मास्तर कसलेले, त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली, “नोंदलेला ऊस कारखान्यालाच घालावा, चाऱ्यासाठी...” पुन्हा मंजूर, आणि या खेपेला हातांचं रान उभं राहिलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सभा मघाशीच संपलीय. आधी एकजण फिस्कन हसला, मग पाच-पन्नास, आणि मग जुने म्हातारे हसायचे थांबले. त्यांच्यातल्या एकाने आपला वर गेलेला हात डाव्या हाताने धरून खाली घेतला.

चुलता उठला. मंचाकडे गेला नाही, माईक मागितला नाही. बायकांच्या बाजूला वळला आणि आईकडे बघून म्हणाला, “वयनी, तुमीच सांगा आता. ह्यात पयला कोन?”

सगळ्या माना तिकडे वळल्या. मीही पाहिलं. आईचा उजवा हात अजून वरच होता. तिला ते तेव्हाच कळलं असावं, कारण तिने आधी त्या हाताकडे बघितलं, कुणा दुसऱ्याचा असावा तसं. मग पदर सावरला नाही, आवाज उतरवला नाही, आणि भर मांडवात बोलून गेली :

“बसा भावजी, तुमी न्हवता पयले. त्या दिशी ह्यांचाबी हात असाच वर गेलता, म्या भाकर घिऊन गेटातनं बघितला.”