सिंधूवहिनींचं टपालहशील

जपानहून येणारी एक वस्तू टपालाने येऊ न देण्याचा मूर्खपणा मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी केला. बावन्न म्हणजे अक्कल येण्याचं वय उलटून गेलेलं. माझ्या नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच अशी चतुर. त्यांनी तेव्हाची आजी पाहिली नाही. देवासच्या आमच्या कॉलनीत स्वतःला मोठी व्यवहारी समजणारी, मिठाईच्या खोक्यांचे दोरेसुद्धा गुंडाळून ठेवणारी एक बाई राहत होती. ‘कशाला खर्च? कुणीतरी येतच असेल की!’ हा तिचा जप. त्या बाईने शेजारणीचे पैसे वाचवले, आणि शेजारणीला न विचारता वाचवले.

ती शेजारीण म्हणजे सिंधूवहिनी. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची सगळी नोकरी टपाल कचेरीच्या खिडकीमागे गेली, आधी धारला आणि लग्नानंतर देवासला. पार्सलं तोलून तोलून हाताला खोडच लागलेली. कुठलीही वस्तू हातात आली की तळवा दोनदा वर-खाली व्हायचा आणि वजन जाहीर व्हायचं. माझा बेसनाचा लाडू, समोरच्यांचं बारशाचं बाळ, काही सुटायचं नाही. पुष्कळदा चुकायचं. मी काटा आणून दाखवला तर म्हणत, “तुमच्या काट्याला सर्दी झालीय, मालूताई.”

माहेर धारचं, दरबाराबरोबर माळव्यात येऊन राहिलेलं जुनं घर. त्यामुळे त्यांच्या मराठीत आमच्या साताऱ्याकडे कधीच गळून पडलेले शब्द जिवंत होते. पोस्टेजला त्या ‘टपालहशील’ म्हणत. त्याच दमात हिंदीही यायची. “आज बहुत ऊन आहे, बाहेर नका पडू, खालीपीली चक्कर येऊन राहील!” मी हसले की म्हणत, “हसा. तुमची मराठी रेल्वेने आली, आमची घोड्यावर बसून. धूळ बसणारच.”

वस्तू कुणाच्या हाती पाठवणं हा त्यांच्या लेखी अपराध होता. मी पुण्याच्या बहिणीला सेव पाठवायची झाली की आधी कॉलनीत कोण पुण्याला निघालंय त्याचा शोध लावायची. वहिनी मान हलवत. “माणसाबरोबर पाठवलेली वस्तू माणसाच्या सोयीने पोचते, मालूताई. टपालहशील भरलं की ती आपल्या सोयीने पोचते.” टपाल कचेरीत राहून माणूस असंच बोलणार, असं मी मनात म्हणायची आणि सेव कुणाच्या तरी गळ्यात मारायची.

वहिनींचे यजमान सांगलीकडचे, इथल्या कारखान्यात होते. कंपनीने त्यांना शिकायला जपानला धाडलं होतं. येताना त्यांनी मुलासाठी, हेमूसाठी, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. एक यंत्र, दोन रिमोट आणि खेळाची एकच चपटी डबी. तिला सगळी पोरं कॅसेट म्हणत. खेळ असा, की दोन टोपीवाले बुटके एक ओंडका दोन टोकांना धरून डोंगरामागून डोंगर पार करतात. एक पुढे धावला की ओंडका खाली, आणि दोघंही गडगडत पहिल्या पायरीला. म्हणजे एकट्याला खेळता यायचाच नाही. यजमानांना वेळ नव्हता, म्हणून दुसरा रिमोट वहिनींकडे आला.

ते नव्वदीचे दिवस. संध्याकाळी मी विरजण मागायला जावं तर कचेरीतून आलेली ही बाई चपला पायात तशाच ठेवून जमिनीवर बसलेली, आणि तोंडाने माळवी थाटात चाललंय, “थांब रे भिया, थांब! मी आलेच नाही अजून!” पडद्यावरची जपानी अक्षरं दोघांनाही कळत नसत, म्हणून गोष्ट वहिनींनीच रचली होती. ओंडका मांडूच्या तलावावरच्या पुलासाठी चालला होता. वाटेत दगड फेकणारा जाडा राक्षस म्हणजे कॉलनीचे सेक्रेटरी. आठव्या डोंगरावर मात्र दोघं दर वेळी पडत. नववा डोंगर कसा असेल यावर जेवताना वाद घालत. मी दाराशी उभी राहून म्हणायची, “अहो, मुलाला अभ्यासाला बसवायचं सोडून हे काय?” त्या मागे न बघता म्हणत, “विरजण फळीवर आहे. वाडगं परत आणा.”

हेमू बारावीत गेला तेव्हा यजमानांनी ती कॅसेट भोपाळच्या एका साहेबांच्या मुलाला देऊन टाकली. घरात भांडण झालं नाही. हेमू अभ्यासाला बसला, इंजिनियर झाला आणि ऑस्ट्रेलियात गेला. पुढे यजमान गेले. यंत्र तेवढं कपाटात खणाच्या कापडात बांधून राहिलं.

मग वहिनींच्या घरी रविवारचा फोन उरला. मी पुष्कळदा समोर बसलेली असायची. “जेवलास? … हो, जेवले. … थंडी आहे का? … इथेही.” मग दोन्हीकडचे शब्द संपत, तरी लाइन तुटू नये म्हणून वहिनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरत. शेवटी “बरं, ठेव, बिल येईल,” असं त्याच म्हणत. फोन ठेवल्यावर मला सांगत, “बोलायचं बहुत असतं हो. सापडत नाही.”

एका रविवारी मात्र त्या पायात दोन वेगळ्या चपला घालून माझ्या दारात आल्या. “मालूताई, आज अर्धा तास बोलला!” हेमूने तिकडे एका दुकानात जुने व्हिडिओ गेम पाहिले होते. असल्या जुन्या खेळांचे शौकीन आता जगभर झालेत, म्हणे. त्यांचा खेळ तिथे नव्हता, पण त्याने विचारलं होतं, “आई, आठवा डोंगर आठवतो?” आणि मायलेक आठव्या डोंगरावर अर्धा तास राहिले होते. तो दसऱ्याला येणार होता, किती वर्षांनी. वहिनींना त्याच्याआधी ती कॅसेट घरात हवी होती. इंदूरला एकात शेकडो खेळ असलेल्या कॅसेटी मिळत, त्यांतही हा नव्हता. माझी भाची अनघा जपानात होती. वहिनींनी पैशांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. “अनघाला म्हणावं शोध आणि टपालाने धाड. हशील कितीही पडू दे. तो आला की आम्ही बसू आणि खेळू. मग बोलायला सापडेल.”

अनघाला कॅसेट सापडली. तिचा फोन आला. “मावशी, जुन्या बाजारात अगदी चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळाली गं. पण पाठवायचा खर्च ऐकशील तर बसशील. विमा, नोंदणी, खोकं धरून किमतीच्या चौपट! काय करू?”

आता त्या व्यवहारी बाईने काय करावं? धावत पलीकडे जाऊन वहिनींना विचारावं. चार पावलांवर तर घर. पण ती फोनवरच कडाडली, “चौपट? खेळण्याला? वेड लागलंय का? तू येतेयस ना दसऱ्याच्या आधी? पर्समध्ये टाकून आण.” आणि तिने वहिनींच्या पाकिटातले हशिलाचे पैसे देव्हाऱ्याच्या खणात ठेवले. कॅसेट आणि पैसे दोन्ही एकदम हातात दिले की वहिनींचा चेहरा कसा होईल, याची चित्रं रंगवत ती भाजी निवडायला बसली. वहिनींना तिने एवढंच सांगितलं, “निघाली हो कॅसेट.”

अनघाच्या नवऱ्याची रजा रद्द झाली. अनघाने कॅसेट पुण्याला येणाऱ्या एका मित्राबरोबर दिली. ती जपानहून पुण्याला, माझ्या बहिणीकडे, रात्रीत पोचली. पण पुण्याहून पुढे? मी बहिणीला म्हटलं, कुरियर कर. ती म्हणाली, “अगं, कुरियरला कशाला पैसे? दोन दिवसांत बाबूकाका इंदूरला निघतायत.” आमच्या माहेरचा हा रोगच. बाबूकाकांचे गुडघे सुजले आणि ते निघालेच नाहीत.

इकडे वहिनी रोज टपाल कचेरीत जाऊ लागल्या. ज्या खिडकीमागून त्यांनी लोकांना जन्मभर ‘येईल, वाट पाहा’ म्हटलं, तिच्या पुढे उभ्या राहू लागल्या. जुना पोस्टमन रामरतन हात जोडून म्हणायचा, “दीदी, आया होता तो मैं खुद लेके नी आता?” एक दिवस वहिनींनी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलून घेतलं, जपानचं पार्सल पाहून कुणाची तरी नियत फिरली असेल, इथवर. मग माझ्याकडे येऊन बसल्या. “टपालाची बदनामी मी कधी ऐकून घेतली नाही. आणि आज माझ्याच तोंडून…” माझ्या तोंडात सेव होती. ती मी नुसती चावत राहिले.

हेमू आला. अष्टमीला मी चकल्या घेऊन गेले. बैठकीत टीव्हीपुढे चौरंगावर ते यंत्र पुसून मांडलेलं, वायरी जोडलेल्या, दोन्ही रिमोट शेजारी शेजारी. हेमू म्हणाला, “अरे, हे अजून आहे? चालतं का?” वहिनी म्हणाल्या, “बघ की.” त्याने बटण दाबलं. कॅसेट नाही, तर दिसणार काय? पडदा नुसता राखाडी. दोघं शेजारी बसून त्या राखाडी पडद्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग हेमूने बटण बंद केलं आणि म्हणाला, “आई, तुला काही आणायचंय का बाजारातून?” वहिनी म्हणाल्या, “नको. सगळं आहे.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी चकल्यांचा डबा ठेवला, “कुरकुरीत झाल्यात हो,” म्हटलं आणि घरी आले. कोजागिरीचं दूध पिऊन हेमू गेला. तोवर तो लॅपटॉप उघडून बसायचा आणि वहिनी त्याला विचारत, अजून एक पोळी वाढू का. भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू यायचं.

कॅसेट पुण्याहून दिवाळीनंतर एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर धारला आली. तिथे पिशव्यांची अदलाबदल होऊन ती मनावर नावाच्या गावाला गेली. मनावरच्या लोकांनी जपानी कागद पाहून चॉकलेट समजून खोकं फोडलं, आणि निराश होऊन कॅसेट कुणाच्या तरी मोज्यात घालून ठेवली. देवासला माझ्या हातात पडली तेव्हा संक्रांत उजाडली होती.

मी कॅसेट आणि देव्हाऱ्यातलं पाकीट घेऊन वहिनींकडे गेले आणि सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. बावन्न वर्षांची बाई पाचवीतल्या मुलीसारखी पदराचं टोक पिळत उभी होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. कॅसेट चौरंगावर ठेवली, चप्पल घातली आणि म्हणाल्या, “बसा तुम्ही. मी आधी रामरतनच्या घरी जाऊन येते.”

मी त्यांच्या घरात एकटी बसून राहिले. यंत्र अजून तिथेच मांडलेलं होतं. हेमू गेल्यावर त्यांनी ते उचललं नव्हतं, फक्त वर हातरुमाल टाकला होता.

अंधार पडता पडता त्या आल्या. हातात रामरतनच्या बायकोने दिलेले तिळाचे लाडू. एक मला दिला. मग रुमाल काढला, कॅसेट घातली आणि दुसरा रिमोट माझ्यापुढे धरला. “घ्या.” दोन बुटके उभे राहिले, ओंडका उचलला, आणि मी लगेच पुढे धावले. ओंडका पडला. पुन्हा धावले, पुन्हा पडला. वहिनी रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. हेमूला म्हणत तसं ‘थांब रे भिया’सुद्धा म्हणाल्या नाहीत. पहिला डोंगरही आमच्याने झाला नाही. थोड्या वेळाने त्यांनी बटण बंद केलं.

मी पाकीट पुढे सरकवलं. म्हटलं, “वहिनी, तुमचे टपालाचे पैसे. एक पैसा कमी नाही.” आणि मूर्खपणाची हद्द म्हणजे वर हेही म्हटलं, “चौपट लागणार होते हो. निदान तेवढे तरी वाचले.”

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. काळ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही वाचवलेत, मालूताई. मला ते खर्चायचे होते. हेमूसाठी पैसे खर्चायला मला एवढं एकच निमित्त उरलं होतं.”