आत्याबाईंचं पारायण

आत्याबाईंना वाचन माहीत होतं ते एकच, पोथीचं. त्यामुळे मी मुलांची कादंबरी उघडली तरी त्या डोक्यावर पदर घेऊन समोर मांडी घालून बसत आणि प्रकरण संपलं की हात जोडत. पुस्तकाला हळदकुंकू लावायचं तेवढं मी अडवलं.

या माझ्या नवऱ्याच्या आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेली, वाढवलं यांनीच. तो गेल्यावर त्या परतवाड्याहून अमरावतीला आमच्याकडे राहायला आल्या. माझी दहा वर्षांची ईरा तेव्हापासून ‘बाबा’ हा शब्दच तोंडातून काढत नव्हती. शाळा, जेवण, अभ्यास सगळं सुरळीत. बाबांचा विषय निघाला की उठून जायची. मला भीती वाटायची. म्हणून वडील गेलेल्या एका मुलाची कादंबरी आणली. रोज संध्याकाळी तिघींनी बसायचं, वाचता वाचता थांबायचं, तिला बोलतं करायचं, असा माझा बेत.

त्या बेताचे आत्याबाईंनी तीनतेरा वाजवले. मी थांबून “ईरा, तुला काय वाटतं गं?” म्हटलं की लगेच, “पोथीत मधात बोलत नाही. वाच तू मुकाट्यानं.” एकदा चिडून सांगितलं, ही पोथी नाही. तर म्हणाल्या, “मरणाचंच हाय ना यात? मंग पोथीच झाली.” मी कपाळाला हात लावला. पुस्तक एकदाचं संपलं, सुटले म्हणते तोवर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. “एका वाचनात काय समजते?” ईरा मात्र ढिम्म. घसा माझा बसला आणि हाती काही नाही.

दुसऱ्या खेपेला, तो मुलगा वडिलांचा शर्ट धुवायला टाकू देत नाही, तिथे आलो आणि आत्याबाईच बोलल्या, “आमचा संजूबी असाच. माय गेली त्याची, तर तिचं लुगडं उशाशी घेऊन झोपे. मले हातबी लावू देत नव्हता.”

ईरानं मान वर केली. “बाबा? किती मोठे होते तेव्हा?”

“तुह्याएवढाच होता.”

मग दोघी बोलतच सुटल्या. मी पुस्तकात बोट घालून बसून राहिले. मला कोणी काही विचारलं नाही.

आत्याबाई मागच्या महिन्यात परतवाड्याला परत गेल्या. थांबा म्हटलं, ऐकलं नाही. ईरा रोज त्यांना फोन करते. बाबा असे, बाबा तसे. मी खोलीत गेले की विषय बदलते. राग येतो मला, खरंच येतो. माझाही नवरा होता तो. पण तिचा फोन लागला की मी मिक्सर बंद करते आणि ओट्याशी उभी राहून ऐकते.