ऐकण्याचा परवाना

दिगंबर गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं. त्याला आता महिना झाला. पुसेगावात आमच्या ओट्यावर गावाला रेडिओ ऐकवला, हा मान आजवर मला मिळत आला. तो माझा नव्हता.

निजामी राजवटीत रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. दिगंबरचं हिंगोलीत कापडाचं दुकान होतं. रेडिओ त्याचा, परवानाही त्याचाच, आणि तोसुद्धा हिंगोलीच्या घरापुरता. पण सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर, आमच्या गावालाही दिल्लीच्या बातम्या कळाव्यात म्हणून त्याने तो बैलगाडीत कडब्याखाली झाकून माझ्या घरी आणला. बांबूला तार बांधली. संध्याकाळी ओटा माणसांनी भरून जाई.

एका संध्याकाळी दिगंबरही ओट्यावर असताना पोलीस जमादार आला. त्याला पाहताच मी मागच्या दाराने ज्वारीच्या शेतात पळालो. पुढचं आईने सांगितलं.

"इजाजत किसके नाम की?" जमादाराने विचारलं.

"माझ्या," दिगंबर म्हणाला.

"और ये इत्ते लोगां?"

"साहेब, मी एकटाच ऐकून राहिलो. हे नुसते बसून राहिले. त्यांच्या कानांला मी काय करू?"

सगळे हसले, जमादार सोडून. घर कोणाचं, असं विचारल्यावर दिगंबर म्हणाला, "दोस्ताचं. तो गावात न्हाई, त्याला यातलं काही ठाऊक न्हाई." रेडिओ जप्त झाला, परवाना गेला, आणि ऐन थंडीत दिगंबर कोठडीत राहिला... मी भेटायलाही गेलो नाही.

निजामी संपल्यावर गावाने सत्कार केला तो माझा. घर माझं होतं ना! पहिल्या रांगेत दिगंबर टाळ्या वाजवत होता. परतताना मी विचारलं, "तू काहून बोलला न्हाईस?"

"हार तुलाच शोभला, लेका. माझी मान आखूड."

"मग मी सांगू का लोकांना, खरं काय ते?"

"आता बोलायलाही परवाना मागून राहिला काय?"

तो हसला, मीही हसलो, आणि गप्पच राहिलो. त्याने मात्र पुन्हा कधी टोमणा मारला नाही. माझ्या मुलीच्या लग्नाचा बस्ता त्यानेच स्वतः निवडून दिला. असा दोस्त मला उभा जन्म लाभला.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. बातम्यांची वेळ झाली, तशी सुनेने आधी रस्त्याकडची खिडकी सताड उघडली, मगच रेडिओ लावला. "मामंजींची सवय," ती म्हणाली, "बाहेरच्यांनाही ऐकू जावं म्हणायचे." ती मला खुर्ची देत होती. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.