चहाडी कुणी केली

आप्पासाहेब वाघचौऱ्यांनी वाळूजच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवली, ती थेट रिटायर होईपर्यंत. त्या बसला दोन ड्रायव्हर होते. एका पाळीला आप्पासाहेब, दुसऱ्या पाळीला फारूख शेख. गेटवर चावी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची आणि चावीबरोबर दोन शब्द जायचे. "क्लच जड झालाय." "मागचं डावं टायर बघ." दोघं एका वेळी त्या बसमध्ये क्वचितच बसले असतील, पण एकमेकांचा हात ते ओळखत. सीट पुढं ओढलेली दिसली, आरसा खाली झुकलेला दिसला, की आप्पासाहेबांना कळायचं, आज फारूखची कंबर धरलीय.

अशा जोडीचा एक कायदा असतो. गाडीला पोचा आला, आरसा फुटला, तर ऑफिसात कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. एकदा बसचा मागचा पत्रा दुभाजकाला घासून फाटला. साहेबानं दोघांना टेबलासमोर उभं केलं आणि विचारलं, कुणी केलं. दोघंही फरशीकडं बघत राहिले. साहेब चिडला, त्यानं दोघांनाही आठवडाभर घरी बसवलं. कुणी केलं ते त्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि पुढं आपसातसुद्धा त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

रिटायर झाल्यावर आप्पासाहेबांचे हात रिकामे पडले. सकाळी उठून ते शहरातल्या सातारा परिसर नावाच्या वस्तीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे गिअर मनातल्या मनात बदलत. अशात त्यांच्या मुलानं, सुदर्शननं, नवी मोठी गाडी घेतली. तो पुण्यात नोकरीला. तिथल्या सोसायटीत दुसरी गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून त्यानं ती इकडं वडिलांच्या दारात आणून उभी केली.

"आईचे गुडघे दुखतात, तिला रिक्षात चढवत जाऊ नका," तो म्हणाला. "आणि मधूनमधून फिरवत जा, नाहीतर बॅटरी बसते."

आप्पासाहेबांनी चावी घेतली तेव्हा त्यांना आत कुठंतरी बरं वाटलं. पण ती चावी म्हणजे नुसतं एक काळं डबडं होतं. ते खिशातच ठेवायचं, कुठं खुपसायचं नाही, पिळायचं नाही. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं. पाय नीट पडला नाही तर गाडी चालू व्हायची नाही, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं आणि ते वाचायला चष्मा काढेपर्यंत निघून जायचं. क्लच नव्हता. आप्पासाहेबांचा डावा पाय सवयीनं खाली जायचा आणि रिकामाच वर यायचा. बेल्ट लावला नाही की टुंगटुंग. गाडी मागं घेताना गल्लीतलं मांजर आडवं गेलं तरी टुंगटुंग. टायरात हवा कमी आहे म्हणून एक पिवळा दिवा लागायचा, तो हवा भरून आणल्यावरही तसाच. एकदा शेजारच्या सीटवर कोबीची पिशवी ठेवली, तर गाडीला तिथं माणूस बसल्यासारखं वाटलं आणि ती बेल्टसाठी ओरडायला लागली.

"आता भाजीला पण पट्टा बांधायचा व्हय?" मागच्या सीटवरून त्यांची बायको, द्वारकाबाई, म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी खरोखरच कोबीला पट्टा लावला. जन्मभर ते गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं ओळखत आले होते. ही गाडी स्वतःचं दुखणं कधी सांगत नव्हती, चालवणाऱ्याच्याच चुका काढत होती.

फारूख पडेगावला राहायचा. मोतीबिंदूनंतर त्याच्या नजरेचा भरवसा उरला नव्हता, मोटारसायकलसुद्धा पोरांनी विकून टाकली होती. दर गुरुवारी आप्पासाहेब गाडी घेऊन त्याच्या दारात जात आणि दोघं छावणीच्या बाजाराला जात. मेथी घ्यायची, शेळ्यांचे भाव ऐकायचे, चहा प्यायचा. फारूख डाव्या सीटवर बसायचा आणि पुढं काही आडवं आलं की त्याचाही पाय जिथं काहीच नाही तिथं ब्रेक दाबायचा.

"क्या आप्पा, ही गाडी हाय का सासू?" तो म्हणायचा. "सारखी बोलतीय."

"सासू परवडली. ती झोपायची तरी."

"पण सीट मस्त हाय. आपल्या बसला अशी असती तर माझी कंबर गेली नसती."

एका गुरुवारी बाजार आटपल्यावर फारूख म्हणाला, "चल, पैठणला. धरणाजवळ मरळ तळून देतो एक जण. लई दिवस झाले." द्वारकाबाईंनी माळ घातल्यापासून आप्पासाहेबांच्या घरात मासळी बंद होती. त्यांनी लगेच गाडी पैठण रोडला लावली. बिडकीन मागं पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी पाय थोडा दाबला. गाडी पाण्यासारखी पळाली. फारूखनं काच खाली घेतली. दोघांनी धरणाकाठी बाकड्यावर बसून बोटं चाटत मासे खाल्ले, बडीशेप चघळली आणि गाडीत वास राहू नये म्हणून चारही काचा उघड्या टाकून परत आले. इतक्या वर्षांच्या जोडीत दोघं एकत्र प्रवासाला गेले ते हे पहिल्यांदा.

संध्याकाळी सुदर्शनचा फोन आला. द्वारकाबाईंनी उचलला. सुदर्शननं काय विचारलं ते आप्पासाहेबांना त्यांच्या उत्तरावरून कळलं.

"पैठणला? आज? मला नाय बोलले." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "अहो, नाथांच्या दर्शनाला गेला होता तर मला न्यायचं नाय का? आणि प्रसादसुद्धा नाय आणला?"

"गर्दी होती," आप्पासाहेब म्हणाले.

मग फोन त्यांच्या हातात आला. "बाबा, काय काम होतं पैठणला? आणि एवढ्या जोरात? ह्या वयात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. मागं बीड बायपासला पण असंच पळवली होती. छावणीत दर गुरुवारी उन्हात उभी करता. मला सगळं कळतं. असंच चालणार असेल तर मी गाडी पुण्याला घेऊन जातो, भाड्यानं जागा घेईन पण घेऊन जातो."

आप्पासाहेब ओट्यावर जाऊन बसले. गाडी गेली तर पुन्हा दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअर मोजत बसायचं, ही एक गोष्ट. आणि चहाडी करतंय कोण, ही दुसरी. बायपासला त्या दिवशी गाडीत कोण होतं? फारूख. छावणीला कोण असतं? फारूख. पैठणला? विचार करायला फार वेळ लागला नाही. फारूखचा मुलगा अझहर पुण्यातच होता, सुदर्शननं त्याला खोली बघून दिली होती. फारूख रोज रात्री त्याच्याशी फोनवर तासभर बोलायचा, मेथीचा भावसुद्धा सांगायचा. बापानं मुलाला सांगितलं, मुलानं सुदर्शनला.

पुढच्या गुरुवारी पडेगावातून निघाल्यावर त्यांनी विषय काढला.

"सुदर्शनला पैठणचं कळलं."

"कसं काय?"

"ते तूच सांग. अझहरशी रोज बोलतोस."

"बोलतो. पोरगा हाय माझा." फारूख हसत होता. मग त्यानं आप्पासाहेबांकडं पाहिलं आणि त्याचं हसू उतरलं. "आप्पा, तुला वाटतं मी सांगितलं?"

"दुसरं कोण होतं गाडीत?"

"मी अझहरला सांगितलं नाय. मासे खाल्ले म्हणून हसीनालासुद्धा सांगितलं नाय, तिला वाईट वाटतं मी बाहेर खाल्लं की. खरं सांगतो."

इथं थांबता आलं असतं. पण गाडी जाणार हे आठवडाभर आप्पासाहेबांना सलत होतं, ते तोंडावाटे आलं. "दर गुरुवारी फुकट फिरायचं आणि वर चहाडी करायची. चांगलं हाय."

फारूख म्हणाला, "गाडी बाजूला घे."

आप्पासाहेबांनी गाडी कडेला घेतली. फारूखनं बेल्ट सोडला, पण एकदम सोडून दिला नाही. तो सर्रकन जाऊन काचेला लागू नये म्हणून हातात धरून सावकाश वर नेला. दारसुद्धा त्यानं हळूच लावलं. दुसऱ्याची गाडी तो अशीच जपायचा. बाजाराची रिकामी पिशवी काखेत मारून तो आल्या रस्त्यानं चालायला लागला.

त्यानंतर आप्पासाहेब गाडी फक्त देवळापर्यंत आणि द्वारकाबाईंच्या दवाखान्यापर्यंत नेत. शेजारचा विश्वजीत नेहमीसारखा गेटवर उभा राहून विचारायचा, "कुठं निघालात काका?" तो सुदर्शनचा शाळासोबती, दोघांचं अजूनही बोलणं व्हायचं. आप्पासाहेब त्याला म्हणायचे, "इथंच." पुण्याहून रागाचा फोन पुन्हा आला नाही. फारूख उतरला आणि फोन थांबले, म्हणजे आपलं बरोबरच होतं, असं त्यांनी द्वारकाबाईंना सांगितलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "तुम्हाला बरोबर निघायची लई हौस." गुरुवार आला की मात्र ते दुपारी पडून राहत.

दिवाळीला सुदर्शन आणि सून सायली आले. द्वारकाबाईंनी धरूनच ठेवलं होतं, या खेपेला नाथांचं दर्शन झालंच पाहिजे. सुदर्शन चालवायला बसला, सायली त्याच्या शेजारी, म्हातारा-म्हातारी मागं. मागच्या सीटवरही बेल्ट नाही म्हणून गाडी ओरडत होती आणि द्वारकाबाईंना तो कुठून ओढायचा ते सापडत नव्हतं. पैठण रोडला शहर संपता संपता सुदर्शनचा समोर अडकवलेला फोन वाजला. सायलीनं बघितलं आणि ती हसली.

"गाडी हद्दीच्या बाहेर गेली म्हणे. बंद कर ना ते आता, आपणच तर बसलोय गाडीत."

"राहू दे, नंतर विसरतो चालू करायला," सुदर्शन म्हणाला.

"कसली हद्द?" मागून आप्पासाहेबांनी विचारलं.

सुदर्शननं आरशातून पाहिलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "अहो बाबा, गाडीतच असतं ते. फोनवर नकाशा येतो. गाडी कुठं गेली, किती वेगानं गेली, कुठं किती वेळ उभी राहिली, कचकन ब्रेक मारला तरी कळतं. शहराच्या बाहेर गेली की मेसेज. तुमच्या काळजीपोटीच घेतलंय ना."

"मग तेव्हा का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चालवली असती का?"

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. दर्शन झालं. परत येताना सायलीनं विचारलं, धरण बघायचं का. आप्पासाहेब म्हणाले, नको.

मुलं पुण्याला परत गेल्यावर ते फारूखकडं गेले. गाडी दारात उभी होती, पण ते रिक्षानं गेले. हसीनाभाभींनी दार उघडलं, सलाम केला, आत बोलावलं. फारूख पलंगावर बसून ट्रान्झिस्टर ऐकत होता. त्यानं तो बंद केला आणि सरकून जागा दिली. आप्पासाहेबांनी सगळं सांगितलं. नकाशा, हद्द, मेसेज. अडखळत सांगितलं, कारण त्यातल्या कशालाच त्यांच्याकडं नीट शब्द नव्हते.

"म्हणजे गाडीच सांगत होती," फारूख म्हणाला.

"व्हय. माझं चुकलं."

"चुकतं रे. जाने दे." चहा आला. फारूखनं बशीत ओतला, फुंकर मारली, पण प्यायला नाही. "एक विचारू? तुझ्या शेजारचा तो विश्वजीत, रोज गेटवर उभा असतो. सुदर्शनचा दोस्त. त्याला विचारलं होतंस का, तू सांगितलं का म्हणून?"

"नाय."

"का?"

आप्पासाहेब चहाच्या कपाकडं बघत राहिले. साहेबाच्या टेबलासमोर बघत होते तसेच. फरक एवढाच होता की तेव्हा शेजारी फारूख उभा होता, आणि आज तो समोर बसला होता. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पैठणच्या फोनपासून ते विश्वजीतचा, आपल्यातल्या पोराचा, विचार मनात येऊसुद्धा देत नव्हते. का देत नव्हते ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं गेलं होतं.

फारूखनं बशी संपवली. "मला गाडीतून उतरवलं त्याचं काही नाय," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो बाजूला घे."

निघताना आप्पासाहेबांनी विचारलं, "गुरुवारी येऊ?"

"नको. जावई नेतो आता छावणीला. त्याची रिक्षा हाय." फारूख दारापर्यंत आला. पायरी दिसावी म्हणून त्यानं बाहेरचा दिवा लावला आणि आप्पासाहेब गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो विझवला नाही.

त्यानंतर आप्पासाहेबांनी गाडीला हात लावला नाही. द्वारकाबाई दवाखान्याला रिक्षानंच जायला लागल्या, गुडघ्यांवर हात ठेवून चढायच्या आणि नवऱ्याला काही म्हणायच्या नाहीत. बोनेटवर धूळ साचली. विश्वजीतनं एकदा विचारलं, "गाडी बिघडली का काका?" आप्पासाहेब आत निघून गेले.

एका सकाळी सुदर्शनचा फोन आला. आवाजात काळजी होती. "बाबा, गाडी जागची हललीच नाहीये. बॅटरी उतरत चालल्याचं दाखवतंय. तब्येत बरी आहे ना तुमची? काय झालंय?"

आप्पासाहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. धुळीखाली कुठंतरी एक बारीक लाल ठिपका मिचकत होता.

"गाडीलाच विचार," ते म्हणाले आणि त्यांनी फोन द्वारकाबाईंच्या हातात दिला.