दीड इंचाची चढण

पृथ्वी गोल आहे, ही गोष्ट माझ्या वरूडच्या साडूंनी आजवर मनापासून कबूल केलेली नाही. गवंड्याची लेव्हलपट्टी सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरणारा दुसरा संत्रा बागायतदार मला अजून भेटायचा आहे. अकोल्याला आमच्याकडे आले की जेवणाआधी टेबलावर पट्टी ठेवतात आणि पायाखाली पेपरची घडी सरकवल्याशिवाय घास घेत नाहीत. एकदा बाळापूरला कुणाच्या घरी दुखवट्याला भेटायला गेलो, तर भर बैठकीतून उठून त्यांनी वारलेल्या म्हाताऱ्याचा फोटो सरळ केला. घरच्यांना वाटलं, केवढी ही माया! सगळे पुन्हा रडायला लागले.

अशा माणसानं पिकअप घेतली. रिकामी पिकअप मागून उंच आणि पुढून वाकलेलीच असते, पण साडूंना ते सोसेना. "साडूभाऊ, गाडीनं मान खाली घातली का मालकाले बी घालावं लागते," म्हणाले. मग पुढच्या सस्पेन्शनमध्ये चकत्या बसवून नाक वर आणणारं लेव्हलिंग किट शोधायला आम्ही अमरावती, अकोला, तेल्हारा पालथं घातलं. मी कशाला गेलो, देव जाणे. अमरावतीच्या मिस्त्रीचाचांनी समजावलं, "सेठ, माल भरा तो पीछे से बैठतीच है, इसके वास्ते ऊँची रखी." साडूंनी तेही मनावर घेतलं. गाडी रिकामी, अर्धी, भरलेली, अशी तिन्ही वेळा मोजली. एक इंचानं नाक वर येईना, दोन इंचानं भरल्या गाडीचे हेडलाइट झाडावरच्या कावळ्यांवर पडायला लागले. शेवटी दीड इंच ठरलं. गाडी लेव्हलमध्ये उभी राहिली आणि साडूंनी गल्लीभर पेढे वाटले.

त्याच आठवड्यापासून ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, बगीच्यात जाणं सोडलं. रोज सकाळी साडूंच्या शेजारी बसून त्या जायच्या. कोणत्या झाडाची संत्री आज तोडायची, ते फळ नुसतं हातात धरून त्याच सांगायच्या. आता मात्र "मले घरी काम आहे" हे एकच पालुपद. साडूंनी एकट्यानं तोडलेला पहिला माल व्यापाऱ्यानं कच्चा म्हणून परत पाठवला. तरी त्यांच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

मी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ओसरीत साडू आणि मी चहा पीत होतो. अंगणात ताई पिकअपजवळ गेल्या, दांडा धरला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. तीनदा केलं. गुडघा चढेना. मग पदरानं दाराची काच पुसल्यासारखं करून आत निघून गेल्या. साडूंचा चहा बशीतच राहिला.

"समदं मोजलं मी," म्हणाले, "हिचा गुडघा तेवढा राहिला."

दुपारी चकत्या निघाल्या. चाचांनी कारण विचारलं तर म्हणाले, "पुढून जड वाटून राहिली."

आता पिकअप पुन्हा मान खाली घालून उभी असते आणि ताई तीत बसून जातात. बगीच्यातल्या उताराच्या जमिनीवर त्यांच्यासाठी खाट टाकली आहे. तिच्या उताराकडच्या दोन पायांखाली त्या दीड इंची चकत्या आहेत. तिथे बसून त्या फळ हातात घेतात आणि तोडीला हो किंवा नाही म्हणतात. यंदा गुडघा जास्तच धरतो, त्यामुळे कधीकधी त्यांना यायला जमत नाही. त्या दिवशीही साडू रिकाम्या खाटेवर पट्टी ठेवून बघतात.