बॅडमिंटन कोर्टावर उतरलेला ड्रोन

मी मूळची अकोल्याची, शिक्षणाने इंजिनिअर, पुण्यात ड्रोन उडवायची नोकरी करते. दैवी संकेत वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण हडपसरला जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं... म्हणून लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात आमची छोटी कंपनी ड्रोनने एईडी पोचवण्याच्या चाचण्या घेत होती. एईडी म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन चालू करणारं यंत्र. अॅम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकते, ड्रोन अडकत नाही — एवढीच कल्पना.

रविवार, सकाळचे सव्वासात. एका शाळेच्या मैदानावरून उड्डाण करून दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या मैदानात उतरायचं होतं. रिमोट माझ्या हातात, माझा सहकारी समीर लॅपटॉपवर. निम्म्या वाटेत ड्रोन थांबला... आणि डावीकडे वळला.

"तू वळवलास?" समीरने विचारलं.

"मी हातही लावला नाही."

परत बोलवायचं बटण मी तीनदा दाबलं. काही उपयोग नाही. कॅमेऱ्यात एका सोसायटीचं बॅडमिंटन कोर्ट दिसलं. खेळणारी माणसं बाजूला झाली आणि ड्रोन नेटशेजारी अलगद उतरला.

आम्ही बाइकवरून पाच मिनिटांत तिथे पोचलो. सत्तरीचे एक काका रॅकेट घेऊन उभे होते. आडनाव दामले, हे नंतर कळलं. त्यांच्या पत्नी बाकावर बसल्या होत्या.

"आपलं का हे खेळणं?"

"सॉरी काका, काहीतरी टेक्निकल बिघाड..."

"तो दिसतोच आहे. लहान मुलांची वेळ संध्याकाळी पाचची असते. बोर्डावर लिहिलंय."

मी ड्रोन उचलायला वाकले, तेवढ्यात रॅकेट पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ काका कोसळले. श्वास नाही, नाडी लागेना. ट्रेनिंग झालेलं होतं. मी छाती दाबायला लागले. समीरने ड्रोनला लावलेली एईडीची पेटी उघडून काकांच्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या. दूर व्हा, असं यंत्राने सांगितलं. झटका बसला.

काकू वाकून म्हणत होत्या, "अहो... ऐकताय ना?"

मी पुन्हा छाती दाबायला लागले. मिनिटभराने काकांनी माझा हात ढकलला.

"दुखतंय," ते पुटपुटले.

इतका सुंदर शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी तिथेच फतकल मारून रडले. अॅम्ब्युलन्स आली ती वीस मिनिटांनी.

नंतर आम्ही ड्रोनची नोंद तपासली. उड्डाणाच्या मध्येच उतरण्याची नवी जागा दिली गेली होती — नेमकं ते कोर्ट. कुणी दिली, कुठून दिली, तो रकाना रिकामा. रिमोट ठीक, हवा शांत, सिग्नल पूर्ण. त्याच वाटेने तो ड्रोन नंतर कितीतरी वेळा उडवला, पण एकदाही वळला नाही. कंपनीत कुणालाच कारण सापडलेलं नाही. मलाही नाही.

महिन्याभराने काकांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आधी त्या नोंदीचे कागद मागवून घेतले होते, पेन्सिलीने भरून टाकले होते.

"आयुष्यभर गणित शिकवलं," ते म्हणाले. "हे काही सुटत नाही."

काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

"नाही सुटलं तर राहू द्या. तुम्ही सुटलात ना."